शाळेचा जुना ग्रुप फोटो आणि डाव्या कडेची चार मुलं: जाणकारांनी बघून सांगा

तासगावची_नात

नमस्कार मंडळी. गाव तासगाव तालुक्यातलं, आम्ही आता सांगलीत असतो. आजोबांची ट्रंक उघडली तेव्हा तळाशी जुन्या पंचांगांच्या खाली एक ग्रुप फोटो सापडला, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, कडा कसरीने खाल्लेल्या. पुठ्ठ्याच्या खाली स्टुडिओचं नाव उठावात होतं पण आता नुसतं '...ग्राफर्स' एवढंच वाचता येतं. गावातल्या शाळेला शंभर वर्षं होतायत, मोठा कार्यक्रम आहे, तिथे हा फोटो मोठा करून लावायचा असं घरात ठरलंय.

फोटोत काय आहे ते सांगते. शाळेची कौलारू इमारत, पुढे अंगण. मागे मुलं उभी, मध्ये खुर्च्यांवर मोठी माणसं, पुढे जाजमावर मुलं मांडी घालून. खुर्च्यांवर मधोमध पगडी, लांब कोट, उपरणं असलेले एक गृहस्थ, गळ्यात हार, हातात काठी. त्यांच्या बाजूला फेटेवाले दोघंतिघं, एक काळी टोपी, आणि कडेच्या खुर्चीवर एकजण गांधी टोपीत. उजवीकडे खांबाला लागून शिपाई उभा आहे, कमरेला पट्टा आणि त्यावर पितळी बिल्ला. पुढच्या रांगेत दोन मुली परकर-पोलक्यात. त्यातल्या एकीच्या कपाळावर मोठा काळा ठिपका आहे, तो का काळा ते कळत नाही. आजोबा मागच्या रांगेत, अंगात कोट आहे पण बाह्या पार बोटांच्याही खाली गेल्यात. पुढे एका मुलाच्या मांडीवर पाटी, त्यावर 'इयत्ता ७ वी' आणि 'सन १९३' दिसतं, पुढचा आकडा उजेडाच्या चकाकीत गेलाय.

आता मूळ प्रश्न. डाव्या कडेला चार मुलं उभी आहेत, बाकीच्यांपासून जरा लांब. फोटोत म्हटलं तर दोन बोटांचं अंतर, म्हणजे प्रत्यक्षात तीन-चार फूट तरी असेल. ती जाजमावर नाहीत, मातीत उभी आहेत. काकांचं म्हणणं की मोठा करताना ती कड कापून टाकू, फ्रेम पण बरोबर बसते आणि कार्यक्रमात उगाच वाद नको. मला ते बरोबर वाटत नाही पण माझ्याकडे नुसतं वाटणं आहे. हा फोटो नेमका कधीचा, कोण लोक असतील आणि त्या अंतराचा अर्थ आपण लावतोय तोच आहे का, कुणी नीट सांगेल का?

जुना_डार्करूम

ताई, आधी हातातलं काम सांगतो. फोटो पुठ्ठ्यावरनं सोडवायचा प्रयत्न करू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. ओल्या फडक्याने पुसू नका. गडद भागात तिरप्या उजेडात चंदेरी झाक मारत असेल तर ती चांदी वर आलेली असते, घाण नव्हे, ती घासली की चित्रच जातं. फ्लॅटबेड स्कॅनरवर किमान १२०० डीपीआयला स्कॅन करा, पुठ्ठ्यासकट आणि मागच्या बाजूसकट. आमच्या घरी वडिलांच्या स्टुडिओच्या काचेच्या निगेटिव्ह होत्या, खोकीच्या खोकी, २०१९च्या पुरात सगळ्या गेल्या. तेव्हापासून मी प्रत्येकाला हेच सांगतो, स्कॅन आधी, चर्चा नंतर.

मुलीच्या कपाळावरचा काळा ठिपका म्हणजे कुंकू. त्या काळच्या फोटोच्या काचेच्या प्लेटला लाल रंग दिसायचाच नाही. निळा रंग पांढरट यायचा, लाल आणि गडद केशरी एकदम काळा. सगळे रंग पकडणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेट तोवर निघाल्या होत्या, पण आपल्याकडचे फोटोग्राफर जुन्याच प्लेट वापरत राहिले, कारण त्या लाल दिव्याच्या उजेडात डोळ्याने बघत धुता येतात आणि पॅनक्रोमॅटिकला पूर्ण अंधार लागतो. म्हणून जुन्या फोटोतल्या बायकांची कुंकवं काळी दिसतात. हाच नियम फेट्यांना लावा. जो फेटा काळा दिसतोय तो लालभडक असू शकतो आणि जो पांढरा दिसतोय तो फिका निळा असू शकतो. रंगावरून कुणी काही सांगायला लागलं तर सरळ थांबवा. अजून एक, रिटचिंग. निगेटिव्हवर पेन्सिलीने चेहरे साफ करायची पद्धत होती आणि ते काम बहुतेक खुर्चीवरच्या माणसांसाठी व्हायचं. त्यामुळे मधल्या रांगेचे चेहरे गुळगुळीत आणि कडेच्या मुलांचे चेहरे खरखरीत दिसत असतील तर त्यात प्लेटचा दोष नाही, तिथे कुणी पेन्सिल लावली नाही एवढंच. त्या चार मुलांचे चेहरे उलट जास्त खरे असतील.

गुरुजी_सातारा

मी जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालो, सातारा आणि खटाव भागात नोकरी झाली. असे फोटो बऱ्याच शाळांच्या ऑफिसात भिंतीवर बघितलेत.

पहिली गोष्ट, गाव तेव्हा कुठल्या राज्यात होतं ते बघायचं. तासगाव खालसा मुलूख, म्हणजे इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात. आज आपण सांगली जिल्हा म्हणतो त्यातला बराच भाग तेव्हा साताऱ्यात होता, दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ला आणि त्याला सांगली हे नाव मिळालं १९६०ला. पण शेजारी कुंडल औंध संस्थानात, सांगली पटवर्धनांची, बुधगाव धाकट्या मिरज संस्थानाचं. दोन कोसावर राज्य बदलायचं आणि शाळेचे नियम बदलायचे. तुमची शाळा खालशातली म्हणजे लोकल बोर्डाची, आणि १९२३च्या प्राथमिक शिक्षण कायद्यानंतर जिल्हा स्कूल बोर्डाच्या ताब्यातली. पितळी बिल्ल्याचा शिपाई त्याच साखळीतला.

सातवी म्हणजे व्हर्नाक्युलर फायनलचा वर्ग. ही परीक्षा तेव्हा केवढी मोठी होती ते आताच्या पोरांना सांगून पटत नाही. व्ह. फा. झालेला माणूस प्राथमिक मास्तर होऊ शकत होता, तलाठ्याच्या नोकरीसाठी उभा राहू शकत होता. गावात सातवीचा वर्ग असणं हेच मोठं, कारण बऱ्याच गावांत चौथीच्या पुढे शाळाच नव्हती. त्यामुळे या फोटोतली मुलं आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून चालत येणारी पण असणार, सगळी तुमच्याच गावची समजू नका.

मधले पगडीवाले हार घातलेले गृहस्थ मला तपासणीला आलेले दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे डेप्युटी इन्स्पेक्टर वाटतात. दिपोटी येणार म्हटलं की शाळा सारवायची, पोरांना कपडे धुऊन घालायला सांगायचे, आणि त्या निमित्ताने वर्गणी काढून फोटोग्राफर बोलवायचा. आजोबांचा कोट हा त्यातलाच प्रकार असणार, चुलत्याचा नाहीतर शेजाऱ्याचा मागून आणलेला. त्यावरून घर सधन होतं असं कुणी म्हणालं तर मान्य करू नका. श्रीमंती बघायची तर पाय बघा. पुढच्या रांगेत कुणाच्या पायात वहाण आहे, कुणाचे अनवाणी, आणि खुर्चीवरच्यांच्या पायात काय आहे. मांडी घातली तरी अंगठे दिसतात बऱ्याचदा. डोक्यावरचं उसनं मिळायचं, पायातलं सहसा नाही.

गांधी टोपीबद्दल. गावात ती १९२०-२१ पासून आली. पण बोर्डाच्या शाळेत, दिपोटीच्या शेजारी खुर्ची टाकून गांधी टोपीवाला बसतो हे सहज होणारं नव्हतं. १९३०ला बिळाशीचा जंगल सत्याग्रह झाला, तो आपल्याच भागात, त्यानंतरच्या एक-दोन वर्षांत तर मुळीच नाही. जुलै १९३७ला मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांचं काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं ते १९३९च्या शेवटाला गेलं. पाटीवर १९३ पुढे आकडा आहे म्हणता तर माझा अंदाज १९३७ ते ३९. नुसत्या टोपीवरून ठाम सांगत नाही, तो गावातला कुणी देणगीदार पण असू शकतो.

येरळाकाठ

गुरुजींचं वाचून बरं वाटलं. पण त्या चार मुलांबद्दल जरा सबुरीने घ्या असं माझं मत. तीन-चार फूट अंतर आहे म्हणून लगेच शिवाशिव असा शिक्का कसा मारणार? उशिरा आली असतील, दुसऱ्या वर्गाची असतील, फोटोग्राफरने उंचीप्रमाणे लावली असतील. आजच्या डोक्याने नव्वद वर्षांपूर्वीचं बघितलं की जे शोधायला निघतो तेच सापडतं. आणि गावच्या कार्यक्रमात सगळ्या समाजाचे लोक येणार, काकांची काळजी पण समजून घ्या.

तासगावची_नात

डार्करूम काका, स्कॅन केलं आज, ओळखीच्या एका झेरॉक्सवाल्यांकडे चांगला स्कॅनर आहे. येरळाकाठ दादा, तुमचं वाचून मी मुद्दाम तेवढाच भाग मोठा करून बघत बसले. उंचीचं म्हणाल तर चारही वेगवेगळ्या उंचीची आहेत, एक तर पुढे बसलेल्यांपेक्षा लहान आहे, तो उंचीप्रमाणे लावला असता तर पहिल्या रांगेत आला असता. जाजमाची डावी कड स्पष्ट दिसते, आणि त्या कडेच्या आत अजून दोन मुलं आरामात बसतील एवढं जाजम मोकळं पडलंय. म्हणजे जागा नव्हती असं नाही. आणि त्या चौघांच्या पायाशी काहीतरी गुंडाळून ठेवलंय, आधी मला ती सावली वाटली होती. मोठं केल्यावर विणीचा जाडसर पोत दिसला, कड उसवलेली. ते गोणपाट आहे. दोन गुंडाळ्या दिसतात, बाकीच्या असतील तर पायामागे गेल्या असतील.

आणि सगळ्यात लहान पोराच्या हातात पुस्तक आहे. ते त्याने छातीशी धरलंय, मुखपृष्ठ कॅमेऱ्याकडे करून. बाकी कुणाच्याच हातात पुस्तक नाही.

दुष्काळी_पट्टा

ताई, गोणपाट वाचलं आणि पुढे काही सांगायची गरजच राहिली नाही खरं तर. पण सांगतो.

बाबासाहेबांचं लहानपण साताऱ्यात गेलं. नोव्हेंबर १९००ला तिथल्या सरकारी हायस्कुलात त्यांचं नाव दाखल झालं, आजचं प्रतापसिंह हायस्कूल. शाळेत त्यांना वर्गात बाकीच्या मुलांत बसता येत नव्हतं, कोपऱ्यात वेगळं बसायचं, बसायला स्वतःचं वेगळं गोणपाट, आणि शाळा झाडणारा गडी त्या गोणपाटाला हात लावायचा नाही म्हणून ते रोज घरी न्यायचं आणि परत आणायचं, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. म्हणजे तुमच्या फोटोतली मुलं शाळा सुटल्यावर ती गुंडाळी काखेत मारून घरी नेणारी आहेत. त्याला आता शे-सव्वाशे वर्षं झाली, तुमचा फोटो त्यानंतर साडेतीन-चार दशकांचा. मधल्या काळात १९२३ला मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला होता, सरकारी खर्चाच्या विहिरी, धर्मशाळा, शाळा सगळ्यांना खुल्या. कागदावर खुल्या झाल्या. जाजमावर किती झाल्या ते तुमच्या फोटोत दिसतंय.

येरळाकाठ, तुमची सबुरी मला पटते, पुरावा बघूनच बोलावं, पण आता मोकळं जाजम आणि गोणपाट हे दोन्ही समोर असताना 'उशिरा आली असतील' म्हणू नका.

आमचे आजोबा त्याच काळात व्ह. फा. झाले आणि पुढे मास्तर झाले. आमच्या घरात त्यांचा तरुणपणाचा एकही फोटो नाही. एकही नाही. फोटो काढायला पैसे नव्हते, स्टुडिओत जायचं धाडस नव्हतं, आणि कुणी काढला असेल तर तो दुसऱ्याच्या ट्रंकेत असणार. तुमच्या काकांना एवढंच सांगा की ती कड कापली तर चार घरांच्या आजोबांचा कदाचित जगातला एकमेव फोटो कापला जाईल. बाकी सगळ्यांचे अजून कुठे ना कुठे असतील, लग्नाचे, सत्काराचे. ह्यांचा नसेल.

आणि वाद होईल म्हणून कापायचं म्हणजे काय? तेव्हा तीन फूट लांब उभं केलं, आता फ्रेमच्या बाहेर काढायचं?

गुरुजी_सातारा

दुष्काळी_पट्टा यांच्याशी पूर्ण सहमत. त्यात एक भर घालतो. अंतर ठेवलं हे खरं, पण ती चार मुलं सातवीपर्यंत टिकली हे पण तितकंच खरं आणि त्याचा अभिमान त्यांच्या घरच्यांना असला पाहिजे. पहिलीला आलेल्या दहांतली किती सातवीला पोचायची तेव्हा, कुठल्याही समाजातली! त्याच सुमाराला साताऱ्यात भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एकत्र स्वयंपाक करत होती, एका पंगतीत जेवत होती. गांधीजी १९२७ला येऊन ते बघून गेले होते. म्हणजे दुसरं काही शक्यच नव्हतं असं नाही, 'तो काळच तसा होता' म्हणून विषय संपवता येत नाही. त्याच जिल्ह्यात त्याच वर्षांत दोन्ही चालू होतं.

नावं काढायची असतील तर शाळेत जा आणि जनरल रजिस्टर मागा. शंभर वर्षांची शाळा म्हणजे जुनी रजिस्टरं कपाटात असणारच, आणि २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायला सगळ्यांनी ती बाहेर काढलीयत, त्यामुळे आता हेडमास्तरांना कुठलं रजिस्टर कुठे आहे ते माहीत असतं. त्यात दाखल नंबर, पूर्ण नाव, जात, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल केल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण असे रकाने असतात. सोडल्याच्या तारखेवरून सातवीची बॅच लावा, १९३७ ते ३९ची सगळी नावं उतरवून घ्या. जन्मतारखेवर विसंबू नका, मास्तर लोक १ जून टाकून मोकळे व्हायचे. जुनी पानं मोडीत असतील तर मोडी वाचणारा सोबत न्या. आणि कार्यक्रमाच्या फलकावर नावं लिहा, जात लिहू नका, नाव लावायच्या आधी त्या घरच्यांना विचारा.

मोडी_वाचक

ताईंनी मागच्या बाजूचा स्कॅन व्यक्तिगत संदेशात पाठवला होता, त्यांच्या परवानगीने लिहितोय. मागे शाईने दोन ओळी मोडीत आहेत. पहिली ओळ 'इयत्ता सातवीचा ग्रुप, मुलांनी वर्गणी करून' एवढी वाचता येते, पुढचं कसरीने खाल्लंय. दुसरी ओळ 'मिती माघ शुद्ध', तिथी गेली, मग 'शके १८५९'.

शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण माघ-फाल्गुन हे शकाच्या शेवटाचे महिने, इंग्रजी वर्ष तोवर बदललेलं असतं, म्हणून इथे ७९ मिळवायचे. १८५९चा माघ शुद्ध पक्ष म्हणजे फेब्रुवारी १९३८चा पहिला पंधरवडा. गुरुजींचा टोपीवरचा अंदाज बरोबर बसला. खेर मंत्रिमंडळाला तेव्हा सात महिने होत आले होते.

पहिल्या ओळीतला वर्गणीचा उल्लेख मला महत्त्वाचा वाटतो. त्या चौघांनीही वर्गणी दिली असेल तर फोटोची प्रत त्यांना मिळाली का, हे शोधण्यासारखं आहे.

येरळाकाठ

गोणपाटाचं वाचल्यावर मी माझं म्हणणं सोडतो. गोणपाट आणि मोकळं जाजम दोन्ही असल्यावर शंका उरत नाही. माझं आजोळ तुमच्याच पट्ट्यातलं आहे ताई, गावाचं नाव संदेशात कळवा. आमच्या मामांकडे जुनी माणसं आहेत, नव्वदीच्या वरची, त्यांना स्कॅन दाखवतो. फक्त चेहरे दाखवायचे, आपण काही सुचवायचं नाही, त्यांना आपसूक कोण आठवतंय ते बघायचं.

तासगावची_नात

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांना हा धागा वाचून दाखवला. दुष्काळी_पट्टा दादांचं लिहिलेलं ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत, पण अजून 'हो' पण म्हणाले नाहीत. त्यांचं म्हणणं, लोक म्हणतील तुमच्या घरानेच हे केलं, आजोबा पण त्यात जाजमावरच्या बाजूला आहेत. मी म्हटलं आहेतच, ते पण दिसू दे की. आजोबा तेव्हा तेरा-चौदा वर्षांचे, उसन्या कोटात, त्यांनी कुणाला कुठे उभं केलं नाही, पण उभे राहिले ते त्या बाजूला. मला ते लपवायचं नाहीये. फोटो लागला तर पूर्ण लागेल, नाहीतर मी देणारच नाही, हे घरात सांगून टाकलंय.

सोमवारी शाळेत जाऊन रजिस्टर बघणार आहे, हेडमास्तर बाई तयार आहेत, मोडी_वाचक सर फोनवर राहणार आहेत. नावं सापडली की आधी त्या घरांना स्कॅनची एकेक चांगली प्रत नेऊन देणार, कार्यक्रमाचं नंतर बघू. डार्करूम काका, चांगल्या कागदावर प्रिंट कुठे आणि कुठल्या साइजची काढू ते सांगा, आणि फक्त त्या चार मुलांचा भाग वेगळा मोठा करून दिला तर चालेल का, की पूर्णच द्यावा?

जुना_डार्करूम

दोन्ही द्या. पूर्ण फोटो दहा बाय बारा, आणि प्रत्येक घराला त्यांच्या त्यांच्या आजोबांचा एकट्याचा पाच बाय सात. १२०० डीपीआयचा स्कॅन आहे म्हणजे एवढा चेहरा फुटणार नाही. मॅट कागद घ्या, ग्लॉसी नको, भिंतीवर उजेड मारतो. कॉम्प्युटरवर चेहरे गुळगुळीत करायला लावू नका, हल्ली मोबाईलमधली अॅपं आपल्या मनाने नाकडोळे बदलतात. सांगलीत असाल तर पेनड्राइव्ह घेऊन या, प्रिंट मी काढून देतो, पैसे नकोत.

दुष्काळी_पट्टा

रजिस्टरात नावं मिळाली की इथे टाकू नका, मला संदेशात कळवा. त्या भागातली आमची बरीच माणसं पुण्या-मुंबईला गेलीत, पत्ते काढायला मी मदत करतो.